दहा महिन्यांनंतर: शाळेचं पालक-अ‍ॅप आणि १ मेला गायब झालेलं पत्र

हजेरी, गृहपाठ, सूचना, निकाल. शाळांच्या अ‍ॅपमध्ये काय काय असतं ते तुम्हाला माहीत आहे, तेव्हा यादी लांबवत नाही. वसईतल्या आमच्या कॅथलिक माध्यमिक शाळेनं ते जून २०२४पासून सुरू केलं. माझी मुलगी पाचवीत, मुलगा आठवीत. दोघांचे मिळून वर्षाला ६०० रुपये. अनुदानित मराठी शाळेतल्या पालकांना हा खर्च जाणवतो. आधीची छापील दैनंदिनी ५० रुपयांत यायची आणि मूल वरच्या वर्गात गेलं तरी कपाटात राहायची. माझी सगळी तक्रार या 'राहायची'पाशी येते.

यंदा वार्षिक परीक्षा २५ एप्रिलपर्यंत चालली. पवित्र आठवडा आणि ईस्टर सगळं परीक्षेतच गेलं. पवित्र गुरुवारी संध्याकाळी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला जायचं आणि घरी येऊन विज्ञानाची उजळणी घ्यायची, असं मी पहिल्यांदाच केलं. शिक्षकांना पेपर तपासायला पाच दिवससुद्धा धड मिळाले नाहीत, तरी १ मेला सकाळी निकाल अ‍ॅपवर वेळेत आला. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षेत पास व्हावंच लागतं, नाहीतर पुनर्परीक्षा. त्यामुळे जीव टांगणीला होता. दोघंही पास.

मग मी मुख्याध्यापक फादरांचं वर्षअखेरचं पत्र उघडायला गेले. सासूबाईंना ते पुन्हा ऐकायचं होतं. सूचनांच्या पानावर काहीच नाही. गृहपाठ नाही, फोटो नाहीत, पत्र नाही. रात्रीतून अ‍ॅपनं २०२५-२६ लावलं होतं आणि अख्खं वर्ष पुसल्यासारखं झालं होतं.

ते पत्र साधं नव्हतं. ईस्टरच्या दुसऱ्याच दिवशी, २१ एप्रिलला पोप फ्रान्सिस गेले, त्यांच्यासाठी मुलांनी परिपाठात केलेल्या प्रार्थनेनं त्याची सुरुवात होती. दहावीच्या निरोप समारंभाचे चार शब्द होते. तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त होणाऱ्या बाईंबद्दल फादरांनी एक परिच्छेद लिहिला होता. माझी नणंद त्यांच्याच हाताखाली शिकली. तो परिच्छेद वाचताना सासूबाईंनी चष्मा काढून ठेवला होता. पुढच्या वर्षाचंही होतं: १६ जूनला शाळा उघडणार, पाचवीपासून गणित-विज्ञानाला सेमी इंग्रजीचा पर्याय, कॅथलिक चर्चच्या पवित्र ज्युबिली वर्षानिमित्त 'आशेचे यात्रेकरू' या विषयावर मुलांचं प्रदर्शन.

आणि शेवटी विनंती. पाचवीची यंदा एकच तुकडी उरली आहे. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता (शिक्षकांच्या पदांची मंजुरी) होते, पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरतात. आजूबाजूला चौथी झालेली मुलं असतील तर त्यांच्या पालकांना एकदा शाळा दाखवा, असं फादरांनी लिहिलं होतं. आमच्याकडे मिस्सा मराठीत, पाळण्यापासून प्रार्थनेपर्यंत सगळं आपल्या भाषेत, आणि मराठी शाळेला मुलं मिळत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून चौथी झालेली मुलं पुढची शाळा ठरवतात ती मे महिन्यातच. नेमकं तेव्हाच हे पत्र नजरेआड!

कंपनीच्या मदत क्रमांकावर तीनदा फोन केला. पहिल्यांदा 'अ‍ॅप काढून पुन्हा टाका', दुसऱ्यांदा 'शाळेला विचारा', तिसऱ्यांदा 'नवीन वर्ष लागलं की जुनं मागे जातं'. मागे म्हणजे कुठे, ते कुणी सांगेना. मी रागानं अ‍ॅपला पाचपैकी एक तारा देऊन टाकला.

इथपर्यंत २ मेला लिहिलं होतं. आता ४ मे, आणि थोडं बदलावं लागतंय. दाखल्याच्या कामासाठी शाळेत गेले होते. कार्यालयातल्या भाऊंनी माझाच फोन घेतला, मुलीच्या फोटोवर बोट ठेवलं, खाली सरकवलं, तिथे बारीक अक्षरात 'शैक्षणिक वर्ष' असं होतं. २०२४-२५ निवडलं आणि सगळं परत आलं. पत्रसुद्धा. म्हणजे अ‍ॅपनं काही पुसलं नव्हतं, एवढं मान्य करते. पण दहा महिने रोज वापरणाऱ्या बाईला जे सापडत नाही, ते सासूबाईंना कसं सापडणार?

शिवाय पत्र अ‍ॅपमधून बाहेर पाठवता येत नाही. सूचना कार्यालयातल्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप होतात, थेट चिकटवल्या की अक्षरं मोडतात, म्हणून कागदाचा फोटो काढून टाकतात. तो फोटो पुढे धाडायची सोय नाही. मुलांच्या फोटोंना अशी बंदी हवीच. पण प्रवेशाच्या विनंतीला कशाला?

बाकी चांगलं आहे. मूल गैरहजर असलं तर अकराच्या आत संदेश येतो. पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांनी सुट्टी जाहीर केली की आम्हाला घरातून निघायच्या आधी कळतं. पूर्वी मुलं भिजत फाटकापर्यंत जाऊन परत यायची. एवढ्या एका गोष्टीसाठी मी वर्षाचे ६०० रुपये पुन्हा भरीन.

एक ताऱ्याचे तीन केले आहेत. चौथा हवा असेल तर वर्षअखेरचं पत्र जूनपर्यंत पहिल्या पानावर ठेवा आणि ते पाठवायची सोय द्या. तोवर मी भाऊंकडून मूळ कागद घेऊन दहा झेरॉक्स काढल्या, वीस रुपयांत. रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात वाटल्या. दोन आया सोमवारी शाळा बघायला येते म्हणाल्या आहेत, मी त्यांच्याबरोबर जाणार आहे.