दिगबोईचं तेल म्युझियम : नागपूरहून जाऊन आलो, ५ पैकी ५

आसामला जाणार असाल तर हे सोडू नका. मी बाबांना घेऊन गेलो होतो, त्यांची सगळी नोकरी कामठीकडच्या कोळसा खाणीत गेली, त्यामुळं जमिनीतून काय काढून राहिले हे पाहायची त्यांना भारी हौस.

दिगबोईतली तेलाची पहिली विहीर इथंच आवारात आहे. १८८९ ला खोदायला घेतली आणि पुढच्या वर्षी ६६२ फुटांवर काम थांबलं. रेल्वेसाठी लाकडं ओढणाऱ्या हत्तीच्या पायाला काळं तेल लागलेलं दिसलं आणि तिथून सुरुवात झाली म्हणतात. बाबांना हत्तीचं काही नाही, ते एका जुन्या व्हॉल्व्हपाशीच अडकले. त्यावर रंगाचे इतके थर की नटांचे कोपरे गोल झालेत, त्यावरून बोट फिरवत म्हणाले, "पाह्य ना, वर्षानुवर्षं कोणीतरी हे रंगवत होतं. माणसं होती इथं."

आणि बावा, माणसं होतीच. १९०१ ला रिफायनरी आली, मग जंगलात खांबांवरचे चांग बंगले, क्लब, हॉस्पिटल, गोल्फ कोर्स. दुसऱ्या महायुद्धात रोज ७,००० बॅरलपर्यंत तेल निघत होतं, हे वाचल्यावर मी पुन्हा आकडा पाहिला. नंतर विहिरी म्हाताऱ्या झाल्या, १९५३ ला आसामातच नहरकटियाला तेलाचं मोठं फील्ड सापडलं आणि लक्ष तिकडं गेलं. रिफायनरी आजही चालू आहे, पण कच्चं तेल मुख्यतः बाहेरच्या फील्डमधून येते. गाव आहे, भोंगा आहे, ज्याच्यासाठी गाव वसलं ते मात्र जवळपास संपलं. आमच्या कॉलनीतही तसंच झालं, खाण बंद झाली, क्वार्टरं रिकामी झाली, आमच्या दारातलं कडुलिंबाचं झाड तेवढं मोठं होऊन राहिलं. हे सगळं मला तिथं एकदम आठवलं आणि डोळे भरून आले, खरं सांगतो.

दोन-तीन तास काढाच, जवळचं दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांचं स्मशानही पाहा, २०० च्या आसपास कबरी आहेत आणि एकदम नीट ठेवल्यात. दिब्रुगडहून टॅक्सी करताना भाडं आधीच ठरवून घ्या, आमच्यावाल्यानं परतताना ८०० जास्त मागितले आणि बाबा थकले होते म्हणून मी देऊन टाकले.