शिकायला कोणती लेन्स: १८-५५ की ५० एमएम?

कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ झूम, की वेगळी घ्यावी लागणारी, झूम न होणारी ५० एमएम एफ/१.८? एमएमचा आकडा जितका लहान, तितकं रुंद दृश्य मावतं; एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं उघडतं.

सिंहगडावर झूमच बरी. १८ वर अख्खा दरवाजा चौकटीत मावतो. ५० लावली तर मागे सरकत राहावं लागतं, आणि गडावर मागे दरी असू शकते, जपून!

पण घरात गणपतीची आरती टिपायची असेल तर चित्रच पालटतं. ५५ वर झूमचं छिद्र एफ/५.६ पेक्षा मोठं उघडत नाही. एफ/१.८ त्याच्या सुमारे दहापट प्रकाश आत घेतं. म्हणून निरांजनाच्या उजेडातही, फ्लॅश न लावता, आजीच्या चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती येते. ते फोटो मला फार जवळचे वाटतात.

माझा सल्ला: आधी झूमच वापरा, पण महिनाभर ती ३५ वरून हलवू नका. पाय हलवा. मग ५० घ्या.