‘दुरस्ति शुल्क’: जुन्या मॉडेमला राउटर जोडायच्या नादात आम्ही कसे फसलो

मागच्या जुलैत आमच्या घरातून 4,700 रुपये, व्यवस्थित चालणारा मॉडेम आणि दोन दिवसांपूर्वी खोक्यातून काढलेला राउटर असं सगळं अर्ध्या तासात गेलं. नेणाऱ्याला आम्हीच फोन करून बोलावलं होतं. आप्पांनी त्याला चहा दिला, पावसात भिजला म्हणून टॉवेलही दिला.

आमचं गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात. घरी इंटरनेट आहे ते टेलिफोनच्या तारेवरचं. मॉडेम, म्हणजे तारेतलं नेट घेणारी पेटी, जुना, त्याला वायफाय नाही, मागे लॅनचं, म्हणजे केबलनं नेट पुढं देणारं, एकच तोंड. मुलगी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, सीईटीची तयारी चाललेली, आणि पावसाळ्यात इकडे मोबाईलच्या रेंजचा भरवसा नसतो. माडीवर तिच्या खोलीत वायफाय यावं म्हणून मी बेळगावात खडे बाजारातून 1,350 रुपयांचा राउटर आणला. रविवारी मॉडेमच्या त्या तोंडातून एक केबल घेऊन राउटरला लावली. दिवे लागले, फोनवर वायफायचं नावही दिसलं, पण नेट काही येईना.

बस स्टँडवरच्या खांबाला एक कागद चिकटवलेला असायचा: ‘सर्व प्रकारचे मॉडेम-राउटर, घरपोच सेवा’. त्या नंबरवर फोन केला. मंगळवारी तो घरी आला तेव्हा मी उद्यमबागेत कारखान्यात होतो. घरी आप्पा आणि बायको.

आल्या आल्या त्यानं आप्पांना मूळ गाव विचारलं, पाहुणे कुठले ते विचारलं. म्हणाला, “आप्पा, आपण मराठी माणसं. तुमच्याकडून जास्त घेऊन मी कुठं जाणार?” हे वाक्य मी मुद्दाम लिहितोय. तक्रारीला फोन लावला की पलीकडून आधी कन्नड ऐकू येतं आणि आप्पा फोन खाली ठेवतात. आयुष्यभर मराठी शाळेत शिकवलेला माणूस. समोर बसून आपल्या बोलीत समजावणारा कुणी भेटला की त्यांना केवढं हायसं वाटतं, हे त्या माणसाला पुरतं ठाऊक होतं.

बायकोनं मला फोन लावून दिला. त्यानं सांगितलं, “साहेब, मॉडेम फार जुना आहे, ह्याला राउटर सूट होत नाही. जोडलात तर एक्स्चेंजमधला पोर्ट जळेल. मी दोन्ही एकत्र असलेला नवा पीस देतो, 300 एमबीपीएसचा. तो एक्स्चेंजला रजिस्टर करावा लागतो, त्याचे दीड हजार वेगळे.” मागं मशीनचा आवाज, डोक्यात कामाची घाई. मी म्हटलं, करा. 3,200 मशीनचे, 1,500 रजिस्टरचे. फोनवरून पैसे पाठवताना नाव कुणा बाईचं आलं. बायकोनं विचारलं, तर म्हणाला, मिसेसचं खातं आहे. जाताना जुना मॉडेम आणि माझा नवा राउटर ‘कंपनीला परत करावं लागतं’ म्हणून पिशवीत घालून घेऊन गेला.

चार दिवस नेट चाललं. शनिवारी बंद पडलं. त्याचा फोन तेव्हापासून बंद.

रविवारी टिळकवाडीतला माझा आत्तेभाऊ आला. तो कॉम्प्युटरचीच कामं करतो. त्यानं आधी मशीन उलटं केलं. खालचं लेबल नवं कोरं, पण त्याच्या कडेनं जुन्या लेबलाच्या गोंदाची काळपट रेघ. मग केबल लावून मशीनचं सेटिंगचं पान उघडलं. लेबलावरचा मॅक नंबर, म्हणजे मशीनची ओळख सांगणारा नंबर, एक, पानावरचा दुसराच. पुढं एका यादीत पाच फोनांची नावं साठवलेली होती, त्यातलं एकही आमच्या घरातलं नाही. म्हणजे कुणाच्या तरी घरात वर्षानुवर्षं वापरलेलं मशीन आम्हाला नवं म्हणून विकलं होतं. बाहेरून मशीन उघडता येईल असं रिमोट मॅनेजमेंट चालू आणि पासवर्ड कारखान्यातून आलेला तोच. हे बघून मला पैशांपेक्षा जास्त भीती वाटली, कारण आप्पांची बँक त्याच नेटवरून चालते.

मग पावती शोधली. ती छापील कन्नडमध्ये, आप्पांची खाली सही. त्यांना कन्नड बोललेलं कळतं, लिपी वाचता येत नाही. मुलीनं वाचून दाखवलं: ‘दुरस्ति शुल्क, 4,700’. मशीनचं नाव नाही, मॉडेल नाही, सिरियल नंबर नाही. आप्पा गप्प झाले. थोड्या वेळानं म्हणाले, “अगं, हा तर आपलाच शब्द. मोठ्यानं वाचला असता तरी मला कळला असता.” सही केली त्या वेळी मुलगी कॉलेजात होती.

आता जोडणीबद्दल, कारण त्यानं सांगितलेल्यातलं एकही खरं नव्हतं. राउटर जोडल्यानं एक्स्चेंजमधलं काही जळत नाही. टेलिफोनची तार मॉडेमपर्यंतच येते, राउटर त्याच्या पुढं असतो. अशा लाइनवर राउटर रजिस्टरही करावा लागत नाही, लाइनचं युजरनेम-पासवर्ड बहुतेक मॉडेममध्येच असतं. 300 एमबीपीएस हा वेग वायफायचा, लाइनचा नव्हे. एडीएसएल2+ या प्रकारची टेलिफोनची तार एक्स्चेंजच्या जवळ असली तरी फार तर 24 एमबीपीएस देते.

पहिल्या रविवारी माझं अडलं होतं ते एवढ्यावरच: मॉडेमचा नेटवर्कवरचा पत्ता 192.168.1.1 आणि राउटरचाही तोच, म्हणून दोघांची टक्कर. मॉडेम स्वतः कनेक्ट होत असेल तर केबल मॉडेमच्या लॅनमधून राउटरच्या वॅनमध्ये लावायची (हे नेट आत घेणारं तोंड, बहुतेक वेगळ्या रंगाचं असतं), राउटरचा पत्ता 192.168.2.1 करायचा, वॅनचा प्रकार ‘डायनॅमिक आयपी’ (पत्ता मॉडेमकडून आपोआप घेणारा) ठेवायचा आणि दोन्ही बंद करून पुन्हा चालू करायचे. मॉडेम ब्रिजवर असेल, म्हणजे कॉम्प्युटरवरून डायल करावं लागत असेल, तर राउटरमध्ये ‘पीपीपीओई’ (राउटरनंच डायल करायचा प्रकार) निवडून युजरनेम-पासवर्ड तिथं भरायचा. तो पासवर्ड घरातल्या माणसानं स्वतः भरावा, चिठ्ठीवर लिहून परक्याच्या हातात देऊ नये.

आम्ही 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केली, तिथं मराठीतूनही बोलता येतं. पहिला प्रश्न बिलाचा आला. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, पण आमच्या हातातला कागदच म्हणतो की आम्ही काही विकत घेतलं नाही, दुरुस्ती करून घेतली. लेबलाचे आणि त्या पानाचे फोटो काढून ठेवले आहेत, त्यांच्यावरच भिस्त आहे. घरी येणाऱ्याकडे जीएसटी नंबर नसूही शकतो, छोटा धंदा असेल. पण वस्तूचं नाव आणि सिरियल नंबर लिहायला तो का-कू करत असेल, तर पैसे देऊ नका आणि जुनी वस्तू घराबाहेर जाऊ देऊ नका. पावतीची लिपी येत नसेल तर सहीच्या आधी फोटो काढून वाचता येणाऱ्याला पाठवा, मोठ्यानं वाचून घ्या.

गेल्या आठवड्यात खालच्या गल्लीतले काका तोच कागद खांबावरून काढून घेऊन आले. त्यांचाही मॉडेम जुना, राउटर नवा. मी त्यांच्या घरी गेलो, केबल बदलून लावली, पत्ता बदलला. दहा मिनिटांत त्यांच्या नातवाचा फोन वायफायवर चालू झाला.