दोन चपटे कृमी, दोन तऱ्हांचे जिवाणू: पॅराकॅटेन्युला की प्लॅनेरिया?

पॅराकॅटेन्युला राहतो उथळ समुद्रातल्या वाळूत. त्याला ना तोंड, ना आतडं. मग जगतो कशावर? त्याच्या पेशींमध्ये रिगेरिया नावाचे जिवाणू ठासून भरलेले असतात. शरीराचा निम्म्यापर्यंत भाग त्यांचाच. गंधकाच्या संयुगांतून ऊर्जा मिळवून ते कार्बन डायऑक्साइडपासून अन्न बनवतात. इटलीच्या एल्बा बेटाजवळच्या कृमींवर २०१९ साली संशोधन प्रसिद्ध झालं. त्यात दिसलं की यजमान कृमी या जिवाणूंना सहसा पचवत नाही. जिवाणूच अन्नाच्या सूक्ष्म पिशव्या बाहेर सोडतात. सोन्याचं अंडं मिळतंय, तर कोंबडी कापायची कशाला! ही भागीदारी सुमारे ५० कोटी वर्षांची मानतात.

गोड्या पाण्यातल्या प्लॅनेरियाकडे एवढी निष्ठा नाही. तोंड पोटाखाली मधोमध, विष्ठाही तिथूनच; जिवाणू मात्र बारा गावचे. पण हे उपरे बिनकामाचे नव्हेत. श्मिटिया मेडिटेरेनिया या जातीत बॅक्टेरॉइडेटीस गटातले जिवाणू घटून प्रोटिओबॅक्टेरिया गटातले माजले, की तुटलेलं अंग पुन्हा उगवणं बिघडतं. ड्युगेसिया जापोनिका या दुसऱ्या जातीत तर अ‍ॅक्विटालिया जिवाणूच्या इंडोल या रसायनामुळे कापलेल्या तुकड्यांना दोन-दोन डोकी फुटलेली दिसली आहेत.

प्रयोगशाळेसाठी प्लॅनेरियाच सोयीचा: यकृताचा लगदा घाला, पाणी बदला, झालं. माझं कुतूहल मात्र त्या बिनतोंड्याकडेच जास्त झुकतं.