लॅच ‘नवीन’ बसला, निघाला तोच जुना

स्लायडिंग दाराचं आतलं हँडल ओढूनही दार उघडत नाही आणि समोरचा मेकॅनिक म्हणतो, “लॅच गेला,” म्हणजे दार बंद धरून ठेवणारी कडी बिघडली. असं झालं तर पैसे काढायच्या आधी दाराच्या कडेला वाकून, आतून दार उघडू न देणाऱ्या चाइल्ड लॉकची खिट्टी बघा. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ती सरकवायला क्षणभरही लागत नाही. एवढ्याशा हातचलाखीवर एका गॅरेजवाल्याने आमच्याकडून ४,२०० रुपये काढले.

आमची मारुतीची ईको व्हॅन आहे, मागच्या सीटा काढून कॅम्पर, म्हणजे आतच राहता-झोपता येईल अशी, केलेली. उजव्या बाजूला ओटा, शेगडी आणि सामानाचे कप्पे आले, त्यामुळे तिकडचं दार बंदच. पुढच्या सीटांमागे कपाट. आत-बाहेर करायचं ते डाव्या दारातून. तारकर्लीला समुद्राला लागून मुक्काम झाला आणि निघताना नेमकं तेच दार अडायला लागलं. बाहेरचं हँडल दोनतीनदा हिसकलं की उघडायचं, लावताना मात्र आपटावं लागायचं. खारी हवा, खालच्या रुळात वाळू, लॅचमधलं जुनं ग्रीस धूळ खाऊन घट्ट झालेलं. किनाऱ्यावर गाडी लावली की हे व्हायचंच. आतून मात्र दार उघडत होतं. जोर लागायचा, पण उघडायचं. पुढचं सगळं या एका गोष्टीवर आहे.

फोंडा घाट चढण्याआधी दार दाखवून घ्यावं म्हणून हायवेच्या कडेला एका गॅरेजपाशी थांबलो. मालकाने दार दोनदा सरकवून पाहिलं. त्याचा पोऱ्या दाराच्या कडेशी खाली बसून काहीतरी खुडबुड करत होता. मग मालक माझ्या नवऱ्याला म्हणाला, “साहेब, आत बसा, दार लावतो, आतून उघडून दाखवा.” उघडेना. दोन्ही हातांनी ओढलं तरी उघडेना. बाहेरून मालकाने सहज उघडलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, “वहिनी, आत गॅस पेटवताय तुम्ही. उद्या काय झालं आणि दार असं अडकलं तर बाहेर कसे पडणार? अख्खी असेंब्लीच गेलीय.”

यावर कोण घासाघीस करणार? मुलगी गाडीतच झोपते.

पार्ट शेजारच्या गावातून आणतो, दोन तास लागतील, तोवर जेवून या, असं ठरलं. परत आलो तेव्हा दार लोण्यासारखं सरकत होतं. आतूनही, बाहेरूनही. बिल मागितलं तर “बिल घेतलंत तर जीएसटी लावावा लागेल, उगाच कशाला वाढवताय?” म्हणून हसला. पैसे यूपीआयने घेतले, तेही दुकानाच्या नाही, कुणा भलत्याच नावाच्या खात्यावर. आणि कौतुकाची गोष्ट म्हणजे गंजलेला जुना लॅच वर्तमानपत्रात बांधून हातात दिला. “तुमचा माल तुम्हाला परत. आपल्याकडे लपवाछपवी नाही.”

घाटाची धूळ खाल्ल्यावर दार पुन्हा कुरकुरायला लागलं. शिवाय कडेला टेकलं की कपड्यांना काळा डाग. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे गाडी नेली. ते आधी हात लावत नाहीत, आधी बघतात. दाराच्या मागच्या कडेला बॅटरी मारली, बोट फिरवून वास घेतला. “ताई, ह्यात जळकं इंजिन ऑइल ओतलंय. आणि नवा लॅच कुठाय? ह्यो तर तुमचाच हाय.”

कॅम्पर करताना आम्ही पांढरी गाडी फिकट निळी रंगवून घेतली होती. रंगवणाऱ्याने लॅच नीट झाकला नव्हता, म्हणून लॅचच्या हुकासारख्या आकड्यावर आणि स्क्रूंच्या खाचांतही निळे शिंतोडे होते. ते जसेच्या तसे होते. स्क्रूंना पाना लागलेलाच नव्हता. मग त्यांनी ती वर्तमानपत्राची पुडी सोडली आणि गंजका लॅच आमच्या लॅचशेजारी धरला. आमचं दार डावं, तो पार्ट उजव्या दाराचा, आरशात दिसावा तसा उलटा. कुठल्यातरी भंगारातल्या गाडीचा.

“पण आतून उघडत नव्हतं ते?” नवऱ्याने विचारलं. मिस्त्रींनी त्याला आत बसवलं, कडेची छोटी खिट्टी दाबली, दार लावलं. उघडेना. बाहेरून उघडून खिट्टी परत सरकवली, दार लावलं. उघडलं. चाइल्ड लॉक लावला की फक्त आतलं हँडल निकामी होतं, बाहेरचं चालू राहतं. लहान मुलांनी चालत्या गाडीत दार उघडू नये म्हणून दिलेली सोय ती. आतून ठप्प आणि बाहेरून ठीक असं दिसलं तर पहिला संशय तिच्यावर घ्यायचा.

लॅच खरंच गेलाय का, हेही तपासता येतं. दार उघडं ठेवायचं. लॅचचा आकडा, म्हणजे बॉडीवरच्या दांड्याला धरणारा भाग, स्क्रूड्रायव्हरने बंद दिशेला ढकलायचा. दोन टप्प्यांत कट-कट आवाज येतो. मग हँडल ओढायचं. आकडा टुणकन मागे आला तर लॅच जिवंत आहे. दोष त्या दांड्याच्या जागेत, रुळात किंवा रोलरमध्ये शोधायचा. आकडा रेंगाळत परतला तर तो सुकलाय, धुऊन ग्रीस केलं की बहुतेकदा भागतं. बाहेरच्या हँडलने सुटतो आणि आतल्याने नाही, तर आधी चाइल्ड लॉक, मग आतल्या हँडलची वायर किंवा दांडी. एक सांभाळा: आकडा बंद असताना दार लावू नका, दांड्यावर आपटेल.

मिस्त्रींनी काय केलं? रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने लॅच धुतला, हवा मारून वाळवला, आकडा आणि त्याला अडवणारा खटका यांना पांढरं लिथियम ग्रीस लावलं, हँडल पंधरावीस वेळा चालवलं. खालच्या रुळातली वाळू ब्रशने काढली. दाराच्या रबराला सिलिकॉन स्प्रे, कारण साधं ऑइल रबराला फुगवतं. बॉडीवरच्या दांड्याभोवती आधी पेन्सिलने रेघ मारली, स्क्रू सैल करून तो किंचित सरकवला. रेघ असली की बिघडलं तर मूळ जागा सापडते. डब्ल्यूडी-४० हे स्प्रेचं तेल मुळात पाणी हटवायला बनवलेलं. गंज सोडवायला उत्तम, पण ग्रीसचं काम त्याच्यावर सोडायचं नाही. पुढच्या दाराच्या चावीच्या भोकात फक्त कोरडी ग्रॅफाइट पूड, तिच्यात ऑइल मिसळलं की लगदा होतो. ३०० रुपये घेतले आणि चहा पाजला.

हायवेवाल्याला फोन केला. “बघतो” म्हणाला, नंतर उचलणं बंद. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. आमची अडचण पुराव्याची: बिल नाही, दुकानाला धड पाटी नाही, यूपीआयवरचं नाव तिसऱ्याचंच. निळे शिंतोडे आणि उलटा लॅच यांचे फोटो तेवढे जोडलेत.

तुमच्यावर अशी वेळ आली तर जेवायला जाऊ नका, किंवा एकाने जावं आणि एकाने गाडीपाशी थांबावं. काम सुरू होण्याआधी जुन्या पार्टवर मार्करने खूण करून फोटो काढा. नव्या पार्टचं खोकं, त्यावरचा पार्ट नंबर आणि एमआरपी समोर फोडून दाखवायला सांगा. बिल देत नसेल तर यूपीआयच्या शेऱ्यात गाडीचा नंबर आणि ‘डाव्या दाराचा नवीन लॅच’ असं लिहूनच पैसे पाठवा.