अ‍ॅस्टरिस्कचा व्हॉइसमेल : काम चोख, डिस्कच्या बाबतीत उधळ्या

नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या तीस-चाळीस एक्स्टेन्शनच्या (आतल्या फोनच्या) कारखान्याला अ‍ॅस्टरिस्क हे संगणकावर चालणारं टेलिफोन एक्सचेंज पुरून उरतं. परवान्याचा खर्च नाही आणि व्हॉइसमेल सोबतच मिळतो. तक्रार एकच, जुने निरोप तो आपणहून कधीच काढत नाही.

सोबत येणाऱ्या नमुना कॉन्फिगरेशनमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) फॉरमॅटच्या ओळीत वेव्ह४९, जीएसएम आणि वेव्ह अशी आवाजाच्या फाइलींच्या तीन प्रकारांची नावं असतात. वाचणाऱ्याला ते पर्याय वाटतात. प्रत्यक्षात प्रत्येक निरोप तिन्ही प्रकारांत साठतो! साधी वेव्ह मिनिटाला ९६० केबी खाते, बाकीच्या दोन्ही १०० केबीच्या आत. ४० मेलबॉक्स, प्रत्येकी दोन मिनिटांचे १०० निरोप धरले तर तिन्ही मिळून सव्वानऊ जीबी होतात, नुसत्या वेव्ह४९मध्ये सुमारे ७८० एमबी. ऑर्डरचा निरोप समजायला तेवढा आवाज पुरतो. फक्त निरोप ईमेलने मोबाइलवर जाणार असतील तर आधी वाजवून बघा, काही फोन वेव्ह४९ उघडत नाहीत.

ओळीत फक्त वेव्ह४९ ठेवण्याचा हा बदल पहिल्याच दिवशी करावा. निरोप साठलेले असताना फॉरमॅटची ओळ बदलली तर जुन्या फाइली नव्या यादीशी जुळत नाहीत आणि ऐकताना, हलवताना घोळ होतो. मग आधी मेलबॉक्स रिकामे करा, नाहीतर सॉक्स या आवाजाच्या फाइलींचा प्रकार बदलणाऱ्या प्रोग्रॅमने सगळ्या फाइली बदलून घ्या.

मूळ सेटिंगमधली १०० निरोपांची मर्यादा मेलबॉक्सला नसून फोल्डरला आहे, त्यामुळे नवे १०० आणि ऐकलेले १०० वेगळे धरा. पुसलेले जपण्याची सोय चालू असेल तर तेही वर. उलट मर्यादा फार खाली आणली की द्राक्षाच्या हंगामात पिंपळगावच्या पॅकहाउसला फोन करणाऱ्याला ‘मेलबॉक्स भरला आहे’ एवढंच ऐकू येईल.

जागा खरी जाते ती अ‍ॅनालॉग लँडलाइनवर. समोरच्याने फोन ठेवल्याचं लाइन जोडलेल्या कार्डाला कळलं नाही की एंगेज टोन रेकॉर्ड होत राहतो. टोन म्हणजे शांतता नव्हे, त्यामुळे ठरावीक सेकंद शांतता झाली की रेकॉर्डिंग थांबवणारं मॅक्ससायलेन्स हे सेटिंग तिथे काहीच करत नाही. मॅक्ससेक्सला, म्हणजे निरोपाच्या कमाल सेकंदांना, मर्यादा घातलेली नसेल तर फाइल फुगतच जाते. तिथे १८० लिहा आणि डाहडीच्या (कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हरच्या) सेटिंगच्या फाइलमध्ये एंगेज टोन ओळखणारं बिझीडिटेक्ट चालू करा. मॅक्ससायलेन्सचा आकडा मिनसेक्सपेक्षा (निरोपाच्या किमान सेकंदांपेक्षा) कमी ठेवा, नाहीतर रिकामे निरोप साठतात.

क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आपोआप आज्ञा चालवणाऱ्या सोयीतून) ‘तीस दिवसांपूर्वीच्या फाइली उडव’ ही आज्ञा मात्र देऊ नका. निरोपांना ०००० पासून सलग क्रमांक असतात आणि प्रत्येकासोबत एक मजकुराची फाइल असते. मधलेच गेले की क्रम तुटतो. जुने निरोप काढून उरलेल्यांना नवे क्रमांक देणारी स्क्रिप्ट अ‍ॅस्टरिस्कच्या सोर्समध्येच, काँट्रिब फोल्डरमध्ये आहे, ती वापरा.

डिस्क भरलीच तर लगेच व्हॉइसमेलला दोष देऊ नका. कुठल्या फोल्डरने किती जागा घेतली ते सांगणारी डीयू ही आज्ञा चालवून आधी कॉल रेकॉर्डिंगचा मॉनिटर फोल्डर आणि लॉग बघा, बहुतेकदा चोर तिथेच सापडतो. लॉगची फाइल नुसती पुसल्याने जागा सुटत नाही, अ‍ॅस्टरिस्कने ती उघडी धरलेली असते. ‘लॉगर रीलोड’ ही आज्ञा दिली की डीएफमध्ये (डिस्कवरची मोकळी जागा दाखवणाऱ्या आज्ञेत) फरक दिसतो.