आईच्या घरी डीडी फ्री डिश: वर्षभराचा अनुभव

गोव्यात डिचोलीला आईच्या घरी मागच्या चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी डीडी फ्री डिश बसवली, आता वर्ष होत आलं आणि ओळखीतले बरेच जण विचारतात घ्यावी का, म्हणून लिहितोय.

आधी केबल होती. बिल वाढतच चाललेलं, आई बघायची जेमतेम चार चॅनेलं, आणि बंद पडलं की केबलवाला फोन उचलायचा नाही. फ्री डिश म्हणजे छत्रीवर टीव्ही, दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीची, २००४ पासून चालू आहे, महिन्याला एक पैसा नाही. छत्री, बॉक्स, वायर आणि मजुरी धरून आम्हाला १,९०० रुपये पडले. बॉक्स एमपेग-४ (चित्र पाठवायची नवी पद्धत) वालाच मागून घ्या, जुना एमपेग-२ वाला घेतलात तर त्यावर सगळी चॅनेलं दिसत नाहीत. आपल्याकडे छत्रीचं तोंड आग्नेयेला करावं लागतं आणि आमच्या घराच्या नेमक्या त्याच बाजूला फणस, पण बसवणारा मुलगा गुणी, एकही फांदी न तोडता त्याने न्हाणीच्या कौलांशेजारी जागा शोधून काढली.

पावसात त्रास आहे. जुलैत धो धो कोसळायला लागलं की चित्राचे चौकोन होतात आणि थांबतं, सर ओसरली की आपोआप येतं. दुसरं म्हणजे खासगी चॅनेलांना जागा लिलावाने मिळते, त्यामुळे आज दिसणारं चॅनेल पुढच्या वर्षी असेलच असं नाही. सह्याद्री आहे, बातम्या आहेत, पिक्चर भरपूर. पण मोठ्या मराठी चॅनेलांवरच्या रोजच्या नव्या मालिका आम्हाला मिळाल्या नाहीत, आणि तिथेच गाडी अडली. पहिले पंधरा दिवस आई माझ्याशी धड बोलली नाही.

मला वाटायचं मालिका काय, एक गेली दुसरी बघेल. पण मग एकेक आठवत गेलं. १९८७ साली रविवारी सकाळी रामायण लागायचं तेव्हा आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, एकच टीव्ही, भाटकाराच्या (जमीनदाराच्या) सोप्यावर, आणि एरवी त्या घराची पायरी न चढणारी माणसं तेवढ्यापुरती आत बसायची. आई पोदेराकडून (पाववाल्याकडून) पाव घेऊन, चहा आटपून आम्हाला ओढतच न्यायची. पुढे २००४ मध्ये होम मिनिस्टर सुरू झालं, त्यात बायकांना त्यांचं नाव, आवडनिवड विचारायचे, आणि एकदा भाजी चिरता चिरता आई टीव्हीकडे बघत म्हणाली, मला नाटकात काम करायचं होतं. आमच्या जत्रेला दरवर्षी मराठी नाटक होतं, पण तिच्या तरुणपणी आमच्याकडे बायकांनी रंगमंचावर उभं राहणं चालायचं नाही. बाबांनाही हे माहीत नव्हतं, इतक्या वर्षांत तिला ते कुणी विचारलंच नव्हतं ना!

आणि रात्रीस खेळ चाले. २०१६ ची ती मालिका, आईचं माहेर सिंधुदुर्गातल्या बांद्याचं, त्यातली मालवणी ऐकली की ती एकदम माहेरी जायची. त्यातले घरातल्या हिश्श्याचे वाद बघून शेजारच्या काकी आणि ती रात्री उशिरापर्यंत बोलत बसायच्या, कारण आमच्या वाड्यावरही दोन घरं भावाभावांच्या वादात कुलूप लावून पडलीत, कौलं खाली आलीत. आपल्या गोव्यात कायद्याने मुलीलाही मुलासारखाच वाटा आहे, तरी काकींनी भावांसाठी सही करून दिली होती, हे मला त्या मालिकेच्या निमित्ताने कळलं. एरवी घरात हा विषय कोण काढतो? मालिकेतल्या माणसांबद्दल बोलता बोलता स्वतःचं बोलून व्हायचं. मालिकांमधल्या घरात कुणी बांगडे साफ करताना दिसत नाही, कुणाला गॅस संपल्याची चिंता नसते, हे सगळं खरं आहे आणि मला त्याचा रागही येतो, पण आईला त्यातून हवं ते मिळत होतं आणि मी ते महिन्याच्या काही रुपयांसाठी बंद केलं.

हल्ली काकी संध्याकाळी दिवेलागण झाली की येतात, दोघी सह्याद्री लावतात, जुनं नाटक किंवा गाणी असली तर आई रमते, जाहिराती कमी म्हणूनही बरं वाटतं तिला. पण मालिकेवर व्हायच्या तशा गप्पा होत नाहीत, काकी स्वतःच म्हणाल्या.

तर बातम्या, पिक्चर, सह्याद्री एवढं पुरत असेल तर बिनधास्त घ्या, भाड्याच्या खोलीला किंवा दुकानात तर नक्कीच. घरी म्हातारं माणूस असेल तर आधी त्याला विचारा की तू रोज काय बघतेस आणि ते यात आहे का, मी विचारलं नव्हतं. या चवथीला आईसाठी तिच्या मालिकांचं चॅनेल परत घेतोय, फ्री डिश काढून माझ्या म्हापशाच्या खोलीवर लावणार आहे.